घड्याळजींचा डावा कान

चालू घड्याळ बंद समजून उघडायची वेळ घड्याळजींवर चाळीस वर्षांत आली नव्हती. त्या सोमवारी आली.

"फक्त पट्टा बदलायचाय," गिऱ्हाईक म्हणालं.

घड्याळजींनी सवयीने घड्याळ डाव्या कानाला लावलं. टिकटिक नाही. "बंद आहे," असं म्हणून त्यांनी झाकण काढलं. आतलं चाक मजेत फिरत होतं. गिऱ्हाइकाने घड्याळजींकडे पाहिलं. घड्याळजींनी चाकाकडे पाहिलं. बंद पडला होता तो कान.

याचं मूळ पोहण्यात. गुडघ्यांसाठी पोहा, असं हाडांच्या डॉक्टरांनी नवराबायको दोघांनाही सांगितलेलं. सकाळी पुरुषांची वेळ, दुपारी बायकांची. कानात पाणी गेलं. घड्याळजींनी दुकानातल्या बारीक चिमट्याला कापूस गुंडाळला आणि पाणी टिपून काढलं. (केसाएवढी स्प्रिंग बसवणारा हात कानात चुकेल?) हात चुकला नाही. कान मात्र सुजला, ठणकू लागला.

रविवारी दोघांचं विमान होतं. मुलगी परदेशी, नात तीन महिन्यांची. तिला आजवर फक्त फोनच्या काचेवर पाहिलेलं. घड्याळजींनी ठरवलं, घरात सांगायचं नाही. बायकोला कळलं की ती भावाला सांगणार. आणि त्या मेहुण्याने गेल्याच महिन्यात पासपोर्ट काढला होता. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाला, "असावा." माणूस उगाच पासपोर्ट काढतो? (दुसऱ्याच्या तिकिटावर जाता येत नाही म्हणतात. पण मेहुण्याला काय अशक्य!)

ते गुपचूप कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"कानात काही घालता?"

"नाही."

"मग हे ओरखडे?"

"जन्मतःच असतील."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "पडदा शाबूत आहे. बाहेरची नळी सुजलीय. दिवसातून दोनदा चार थेंब. आधी बाटली मुठीत धरून कोमट करा, नाहीतर चक्कर येईल. मग पाच मिनिटं कुशीवर पडून राहायचं. पोहणं बंद. शुक्रवारी दाखवा. सूज उतरली तर खुशाल विमानात बसा. नाहीतर घरी."

थेंब दुकानातच घालायचे ठरलं. मंगळवारी घड्याळजी काउंटरवर आडवे झालेले पाहून एक बाई धावत शेजारच्या चष्मेवाल्याला घेऊन आली. त्याने वाकून पाहिलं. "जिवंत आहेत. रागाने बघतायत."

घरी वेगळंच चाललं होतं. बायको आणि मेहुणा हळू बोलायचे आणि घड्याळजी आले की गप्प व्हायचे. एकदा ती खुर्चीत मूठ घट्ट मिटून बसलेली.

"मुठीत काय आहे?"

"काही नाही. हात गार पडलेत."

दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात मान खांद्यावर टाकून उभी. घड्याळजींना घाम फुटला. हिला कळलंय, आणि ही आपली नक्कल करतेय!

"तुम्ही पोहायला का जात नाही हल्ली?" तिने विचारलं.

"पाणी घाण आहे."

"हो ना! मीही म्हणूनच सोडलं."

लग्नापासून आजवर बायकोने त्यांचं म्हणणं असं एका झटक्यात कधी मान्य केलं नव्हतं. संशयाला आणखी काय पुरावा लागतो?

शुक्रवारी ते दवाखान्यात शिरले. बाकावर बायको आणि मेहुणा!

"माझ्यावर पाळत ठेवता?" घड्याळजी गरजले.

"पाळत तुम्हीच ठेवलीत! इथवर मागे आलात!"

डॉक्टरीणबाई दारात आल्या. "तुम्ही एकमेकांना ओळखता?"

"छत्तीस वर्षं झाली लग्नाला," मेहुणा म्हणाला. "भाऊजी, मला काही बोलू नका. कान ताईचा, आणि शपथ पण ताईचीच."

"तुम्हाला कळलं असतं तर दोन्ही तिकिटं रद्द करून मोकळे झाला असतात," बायको म्हणाली.

"ओरखडे यांनाही जन्मतःच आहेत म्हणे," बाई म्हणाल्या आणि दोघांचे कान तपासले. घड्याळजींचा कोरडा ठणठणीत. बायकोचा अजून सुजलेला. तिला आणखी पाच दिवस थेंब. विमान नाही.

बायकोचा चेहरा उतरला. तिने डोळ्यांना पदर लावला. घड्याळजींना वाईट वाटलं. (पण कानाचा अभिमानही वाटला.)

"मी एकटा जातो," ते म्हणाले. "पोरीची निराशा नको व्हायला. ती माझीच वाट बघत असणार."

"जा तुम्ही," बायको म्हणाली. "बाळाला डोळे भरून बघा."

मेहुण्याने तिथूनच मुलीला फोन लावून दिला. घड्याळजींनी तो मुद्दाम डाव्या कानाला धरला आणि सगळं सांगितलं.

"मग तारीख पुढे ढकला ना, बाबा. आई बरी झाली की या दोघं."

"कशाला? माझा कान उत्तम आहे. मी रविवारी पोचतो."

पलीकडे मुलीने नवऱ्याशी बोलायला फोनवर हात ठेवला असावा. तरी शब्द न् शब्द स्पष्ट आला. "अरे, ऐकलंस का? बाबा एकटेच येतो म्हणतायत! चहासुद्धा हातात द्यावा लागतो त्यांना. एकाच बाळाने माझ्या नाकी नऊ आणलेत!"

घड्याळजींनी फोन हळूच खाली ठेवला.

"काय म्हणाली?" बायकोने विचारलं.

"नीट ऐकू आलं नाही," घड्याळजी म्हणाले आणि डॉक्टरीणबाईंकडे वळले. "बाई, हा कान अजून बरा झालेला नाही. मलाही पाच दिवस वाढवून द्या."