जवारीचा दोरा आणि डावे हाताची नहर
हरिकथेस बसलेल्या सकळ श्रोत्यांस दंडवत. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्षमासी वर्तले ते ऐसे. एक राज्य होते, देहाचे. तेथील मूत्रपिंडे दोन्ही कारभारी थकोन बसले, मग राज्याच्या स्वामिनी द्वारकाबाई, कैलासवासी त्रिंबकबुवा कीर्तनकारांच्या भार्या, आठवड्यात तीन वार रक्त गाळणाऱ्या यंत्राचे दारी जाऊ लागल्या. आणि वैद्यराजांनी डावे मनगटी धमनी व शीर जोडोन नहर काढिली, तिजला फिस्टुला म्हणती; उजवे हाताची आधीच बुजली होती, सबब हेच एक ठाणे उरले. परिचारिका जुबेदाबाई म्हणाल्या, "आजी, रोज सकाळी बोट लावून बघा, गुणगुण लागते. मंदावली तर तडक इकडे यायचं. या हाताला घड्याळ नको, पिशवी नको, उशाखाली घेणं नको." बाईंनी बोट लाविले आणि डोळे भरोन आले. ही तर तंबोऱ्याची जवारी! चाळीस वर्षे बुवांचे मागे बसोन छेडिली ती. पूर्वरंगी बुवा मान वळवोन हळूच म्हणत, "द्वारके, जवारी मिटली गं," मग बाई तारेखाली रेशमी दोरा तीळभर सरकवीत, आणि मोहोळ उठावे तैसा स्वर खुले, आणि बुवा अभंग उचलीत, आणि देऊळ डोलू लागे. कैसे दिवस होते ते!

मग एके सकाळी बोटास गुणगुण क्षीण लागली. बाई घाबऱ्या जाहल्या. परंतु जवारी मिटली तर काय करावे, हे त्यांस कोणी शिकवावे? दोरा नको, ऐसे तर कोणी म्हटले नव्हते. बुवांचे तंबोऱ्याचा दोरा काढोन मनगटी आवळिला आणि वाट पाहिली. दोन प्रहरी नहर जवळजवळ मुकी, मग रिक्षा करोन दवाखाना गाठिला. जुबेदाबाईंनी पाहोन कपाळास हात लाविला. "हे काय आजी?" "जवारीचा दोरा गं. सूर खुलावा म्हणून." "अहो, ती तार पोलादाची, ही रक्ताची! तिथं दोऱ्यानं खुलतं, इथं दोऱ्यानं मिटतं!" आणि कात्री चालविली. बाई कळवळल्या, "बुवांचा होता गं, दोन तुकडे केलेस!" "तुमचा हात जाण्यापरीस बरं," जुबेदाबाई म्हणाल्या. मग वैद्यराजांनी नहरेत फुगा घालोन अरुंद वाट रुंद केली, आणि बोलिले, "आणिक उशीर करत्या तर ठाणे गेलेच होते." सांजेस बाईंनी बोट ठेविले. "लागला का सूर?" जुबेदाबाईंनी पुसिले. "लागला," बाई म्हणाल्या, "बुवा असते तर आत्ता अभंग उचलते."

दोऱ्याचा अर्धा तुकडा तंबोऱ्यास पुरला. तेव्हांपासोन नेम ऐसा की, प्रातःकाळी आधी हात ऐकावा, मग तंबोरा छेडावा. तात्पर्य, दोरा तारेचा तारेस द्यावा; नहर राखावी ती बोटाने, आणि मिटली वाटता क्षणी धावावे. इति.