डब्याचं झाकण

खारघरच्या कचेरीत जेवणाची सुट्टी झाली की समीक्षा आधी डब्याचा फोटो काढायची आणि मग जेवायची. फोटो नवऱ्यासाठी असे. दीपेश मालवाहू जहाजावर. लग्नानंतर महिन्याभरातच गेला, तो आता गणपतीला येणार होता. जहाजावर इंटरनेट मिळे ते नेमकं दुपारी, आणि तेही असं लंगडं की बोलणं अर्ध्यात तुटे. फोटो मात्र पोचे. मग उत्तर यायचं, "मीठ बरोबर हाय." समुद्रात बसून त्याला चव कशी कळायची देव जाणे, पण ते उत्तर आल्याशिवाय समीक्षाच्या घशाखाली घास उतरत नसे.

फोटो ती 'आमची माणसं' या घरच्या ग्रुपवर टाकायची. सुकापूरला बसलेल्या सासूबाईंना, म्हणजे सखूबाईंना, सून जेवली का याची काळजी असे. शिवाय नवऱ्याला एकट्यालाच सुकटीचे फोटो पाठवायचे, याचं तिला उगीच लाजल्यासारखं व्हायचं.

कचेरीचं काम विम्याचं. दवाखान्यांची बिलं तपासायची आणि बाहेर त्याबद्दल ब्र काढायचा नाही. फोनला फक्त कॅन्टीनमध्ये परवानगी. पण त्या दिवशी कॅन्टीनमध्ये रंगकाम निघालं आणि सगळ्यांना जागेवरच जेवायला सांगितलं. समीक्षाने डबा उघडला, झाकण मागे टेकवलं, इकडेतिकडे बघून पटकन फोटो काढला. झाकण सखूबाईंच्या हातचं घासलेलं, लख्ख. त्यात तिच्या पाठीमागच्या टेबलावरचा कॉम्प्युटर उघड्या बिलासकट अख्खा उमटला.

ग्रुपवर बाकीच्यांनी सुकट बघितली. दीपेशचे चुलते काशीराम यांनी झाकण बघितलं. अक्षरं उलटी होती, म्हणून त्यांनी मोबाइल आरशासमोर धरला आणि ओरडलेच, "वयनी! आपला दिनानाथशेठ पनवेलला दवाखान्यात हाय!"

"तो तर गोव्याला गेलाय ना?" सखूबाई म्हणाल्या.

"कसला गोवा! आपरेशन झालाय. भावकीतला मानूस आजारी, नि आमी हितं बसून सुकट बघायची?"

आजाऱ्याला बघायला गेलं नाही, तर त्या भावकीत पुढची सगळी लग्नं त्या रुसव्यात जातात. संध्याकाळी शहाळ्यांचा टेम्पो भरून अख्खी भावकी दवाखान्यात हजर झाली. "नक्की झालंय काय?" असं ज्याने त्याने विचारलं, आणि शेठ काही बोलायच्या आत काशीरामकाकांनी ज्याला त्याला खणखणीत आवाजात सांगितलं, "मूळव्याध!" शेठनी चादर डोक्यावरून ओढून घेतली, ती माणसं जाईपर्यंत काढली नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या स्वानंदसरांनी समीक्षाला बोलावलं आणि शेठच्या तक्रारीसोबत आलेला फोटो मोठा करून दाखवला.

"हे काय आहे?"

"सुकट, सर."

"आणि तिच्या मागे?"

"झाकण."

"झाकणात?"

समीक्षाने वाकून बघितलं. मग म्हणाली, "माझीच चूक आहे सर. शेठची मी हात जोडून माफी मागते."

"नोकरी वाचेल मॅडम. पण यापुढे फोन गेटवरच्या लॉकरमध्ये. ग्रुपवर काही टाकायचं नाही, डबासुद्धा नाही. इथे सही करा."

"सर, दुपारी फोटो गेला नाही तर ते जेवत नाहीत."

"कोण?"

"मिस्टर," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "तेवढंच आमचं बोलणं आहे हो."

"रूल इज रूल, मॅडम."

समीक्षाने सही केली, ती राजीनाम्यावर. घरी आता काय ऐकावं लागणार म्हणून ती उंबऱ्यातच थबकली. सखूबाई म्हणाल्या, "बरा केलास. पोरगा माजा तिकडं उपाशी ऱ्हायला असता."

आता फोन दिवसभर हातात होता आणि दुसरं काम नव्हतं. त्यामुळे आठवण फक्त दुपारी यायची ती दिवसभर येऊ लागली. भांडी घासतानाही ती फोन खिडकीत उभा करून ठेवायची. उत्तर तेवढंच, "मीठ बरोबर हाय."

एक दिवस मात्र दीपेशकडूनच फोटो आला. जहाजावरच्या त्याच्या ताटाचा. खाली लिहिलं होतं, "तू नोकरी सोडलीस, मी येवढा पन करू नको?" समीक्षाने तो फोटो किती वेळा बघितला कोण जाणे. काशीरामकाकांनीही बघितला. ताटामागे भिंतीवर जहाज कधी कुठल्या बंदराला लागणार त्याचा तक्ता होता; चाच्यांच्या भीतीने तो बाहेर कुणाला दाखवायचा नसतो. काकांनी "आमचा दीपेश बघा कुठं कुठं चाललाय" असं लिहून फोटो उरणपर्यंतच्या सगळ्या ग्रुपवर धाडला. त्या गावांतून जहाजांवर कामाला गेलेली माणसं काही कमी नाहीत. फोटो फिरत फिरत दीपेशच्या साहेबाकडे पोचला. पुढच्याच बंदरात दीपेशला बॅगेसकट उतरवून घरी धाडलं.

तो आला त्या दुपारी समीक्षाने ताट वाढलं. सवयीने फोन काढला, फोटो घेतला, ग्रुपवर टाकला. समोर बसलेल्या दीपेशने सवयीने फोन उघडला आणि मान खाली घालून लिहिलं, "मीठ बरोबर हाय." घास अजून तोंडात गेला नव्हता. समीक्षाने वाचलं, आणि तीही फोनकडेच बघून हसली.

सखूबाई उठल्या. दोघांचेही फोन काढून घेतले, तांदळाच्या डब्यात टाकले आणि झाकण दाबून बसवलं. "या घरात जेवताना फोन नाय. ज्याला पटत नाय, त्याने राजीनामा द्यावा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दीपेशने घास घेतला आणि थांबला.

"समू, मीठ जास्त झालाय गं."

समीक्षाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मग इतके दिवस सांगायचं नाही का?" असं म्हणून तिने त्याच्याच ताटातला घास उचलला.