डाव्या कोपऱ्यातला भालदार

"फक्त डोळे उघडे ठेव, बाकी काही करू नकोस," पिच्चय्यानं बायकोला चौथ्यांदा बजावलं.

"सिनेमाला काय झोपायला चाललेय मी?" तायारम्मा म्हणाली, आणि तिनं कापराची डबी पदराला बांधली.

तिथंच पिच्चय्यानं सावध व्हायला हवं होतं.

तीस वर्षांपूर्वी नव्या नवरीला गावी टाकून तो नट व्हायला मद्रासला पळाला होता. सात वर्षं घासून पदरात काय पडलं, तर मांत्रिकाच्या गुहेतून राजकन्या सोडवणाऱ्या गुराख्याच्या सिनेमात एक प्रसंग. देवी प्रकट झाली की पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात भाला धरून उभं राहायचं, बस्स! गाव त्याला अजून 'हीरो' म्हणून चिडवायचं. तायारम्मा त्या सात वर्षांबद्दल चकार शब्द काढत नसे, आणि त्याला तेच जास्त लागायचं. हा सिनेमा पाहायलाही ती कधी गेली नव्हती. आता तो फिरत्या तंबूतून गावातच आला होता आणि आज शेवटचा खेळ होता. आपण कशापायी गेलो होतो ते तिनं एकदा तरी बघावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

गुराख्यानं हाक मारली आणि पडद्यावर देवी प्रकट झाली. झालं! सगळा तंबू हात जोडून उभा. बायका आरतीच्या ताटांत कापूर पेटवून पडद्यापुढं धावल्या. तायारम्मा सगळ्यांत पुढं, डोळे गच्च मिटून.

"अगं, बघ ना! तो मी!"

"देवीपुढं बडबडू नका हो!"

तिनं डोळे उघडले तोवर देवीही गेली आणि भालदारही.

पिच्चय्या तडक मशीनवाल्या कोटिलिंगमकडं गेला. "बाबा रे, तेवढं रीळ पुन्हा लाव. पाया पडतो."

कोटिलिंगमला दया आली. देवी पुन्हा आली, आणि तंबूत एकच गलका झाला.

"दुसऱ्यांदा दर्शन! आपल्या गावात!"

आता दुप्पट कापूर पेटला. कुणी नारळ फोडला, एका म्हातारीच्या अंगात आलं. धुरातून भाल्याचं टोक तेवढं दिसत होतं.

पिच्चय्यानं पुन्हा पाया पडून तिसऱ्यांदा रीळ लावायला लावलं, आणि या खेपेला तो स्वतःच पुढं धावला. "ती देवी नाही गं, मद्रासची नटी आहे! चहात चार चमचे साखर घ्यायची!"

"जीभ झडेल तुझी!" म्हातारी ओरडली.

त्यानं बायकोचं ताट बाजूला ओढलं, ते कलंडलं आणि पेटता कापूर पडद्यावर उडाला. लोकांनी सोड्याच्या बाटल्या ओतून आग विझवली. बाकी पडदा शाबूत राहिला. जळाला तो नेमका डावा कोपरा, भालदाराएवढा. देवी आशीर्वाद देत होती आणि तिच्या शेजारच्या भोकातून बाहेरची बैलगाडी दिसत होती.

खेळ तिथंच संपला. दोघं कालव्याच्या कडेनं घराकडं निघाली. पिच्चय्याला रडू येत होतं. ज्याच्यासाठी सात वर्षं घालवली, ते दाखवायलाही उरलं नव्हतं. न राहवून तो म्हणाला, "डोळे मिटून तीन-तीनदा एवढं मागत काय होतीस गं?"

"मागणार काय? तेच जुनं," तायारम्मा चालता चालता म्हणाली. "'माझा माणूस घरी येऊ दे.' सात वर्षं रोज म्हटलंय ना. देवी दिसली की तोंडातून आपोआप तेच निघतं."

पिच्चय्याचे पाय थबकले.

"आता थांबलात कशाला?" ती मागं वळून म्हणाली. "चला घरी."