ढोबळ्यांचा पहिलवान

आमचे शेजारी ढोबळे रोज पहाटे एका पोत्याला मारत असत. नुसतं मारत नसत, आधी त्याला नमस्कार करत. मग दोन पावलं मागं सरायचं, मान खांद्यांत घालायची आणि नाकानं फुस्स फुस्स करत त्याच्यावर तुटून पडायचं. पोतं जाड ताडपत्रीचं, आत वाळू आणि लाकडाचा भुसा. व्हरांड्याच्या छताला कडी ठोकून टांगलेलं. ढोबळे त्याला 'पहिलवान' म्हणत. दोघांत पहिलवान कोण, हे बघणाऱ्याला लगेच कळायचं.

भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता, भट्ट्या उभ्या राहत होत्या, आणि आमच्या क्वार्टरांच्या रांगेत ढोबळे पोत्यासमोर उभे राहत होते. पहिल्या दोन कामांचा देशाला उपयोग होता.

ढोबळे मूळचे पुलगावचे. कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून, म्हणजे दिवसभर नट-बोल्ट द्यायचे आणि सह्या घ्यायच्या. वय पस्तिशीच्या पुढं, लग्न नाही. अंगकाठी अशी, की त्यांचा सदरा अंगावर असण्यापेक्षा दोरीवर वाळत असताना जास्त भरलेला दिसे. त्यांच्या आणि आमच्या घरात भिंत एकच. पहिला ठोसा बसला, की कडी कुरकुरे, भिंत थरथरे आणि आमच्या मांडणीवरची ताटं वाजू लागत. बायको उशीखालून म्हणायची, "अहो, उठा. तुमचे ढोबळे लागले कामाला."

ते 'माझे' कधी झाले, हे मला आजवर कळलेलं नाही.

हे खूळ त्यांच्या डोक्यात भरवलं पाशानं. पाशा हा रशियन फिटर, क्रेन उभारायला आलेला, अंगानं कपाटाएवढा. स्टोअरमध्ये बोल्ट न्यायला आला तेव्हा ढोबळे एक पेटी उचलताना धापा टाकत होते. पाशा हसला, पेटी एका हातानं उचलून बाजूला ठेवली आणि ढोबळ्यांना मुठी कशा वळायच्या ते दाखवलं. झालं! पाशाला मराठी येत नव्हतं, ढोबळ्यांना रशियन येत नव्हतं, दोघांचं हिंदी ऐकून आमचा दूधवाला पळून जाई. पण पोतं दोघांनी मिळून शिवलं, आणि पाशा रोज ड्यूटीवर जाण्याआधी ढोबळ्यांच्या व्हरांड्यात हजर होऊ लागला.

तिथून ढोबळे असह्य झाले. 'छान' हा शब्द त्यांनी टाकून दिला आणि पाशाचा 'खराशो' उचलला. भाजी खराशो, पगार खराशो, एकदा तर कुणाच्या तेराव्यालाही जेवण खराशो म्हणून आले. रस्त्यात भेटले की आधी माझ्या पोटाकडे बघत.

"पोट सुटून राहिलं नं जी तुमचं!"

"असू द्या हो. माझं आहे."

"कावून असू द्या? भात बंद करा. भातानं माणूस नरम पडते. दम पायजे माणसात, दम!"

दम म्हणताना त्यांना दम लागे. माझ्या शाकाहारी सासूबाई दुर्गहून राहायला आल्या, तर या गृहस्थानं व्हरांड्यात त्यांच्यासमोर कच्चं अंडं फोडून घशात सोडलं आणि वर विचारलं, "आजी, तुमाले देऊ?" सासूबाई दुसऱ्या दिवशीच परत गेल्या. ढोबळ्यांच्या हातून माझं झालेलं एवढंच एक भलं.

आमच्या मंडळाच्या गणपतीत त्यांनी स्वतःहून मुष्टियुद्धाचं प्रात्यक्षिक जाहीर केलं. आम्हाला कीर्तनाचा कंटाळा आलाच होता. समोर कोण, हा प्रश्न मी सोडवला. कॅन्टीनमधला महादू. शेकडो माणसांची कणीक मळून त्याचे दंड पाटा-वरवंट्यासारखे झाले होते. बिचारा म्हणाला, "मले नाही येत साहेब हे. मी फक्त उभा राहतो."

"तेवढं पुष्कळ आहे," मी म्हटलं.

मंडप भरला. ढोबळ्यांनी महादूला नमस्कार केला, फुस्स फुस्स केलं, त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि त्याच्या छातीवर एक ठोसा दिला. महादूला बहुतेक गुदगुल्या झाल्या. त्यानं माशी उडवावी तसा हात फिरवला. ढोबळे हारांच्या टोपलीत जाऊन पडले. मंडप असा हसला, की आरतीला कुणाचा आवाज लागेना. एकटा पाशा उठला. त्यानं ढोबळ्यांना उभं केलं, त्यांच्या अंगावरच्या पाकळ्या झटकल्या आणि जिंकलेल्या माणसाचा करतात तसा त्यांचा हात वर धरला. ढोबळ्यांचा ओठ फुटला होता आणि ते हसत होते. आम्ही आणखी हसलो.

"तोल गेला," दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले. "स्टेजच्या फळ्या ओल्या होत्या नं." आणि पहाटे पुन्हा आमची ताटं वाजली.

पुढं क्रेनचं काम संपलं आणि पाशा मायदेशी निघाला. ढोबळे दुर्ग स्टेशनवर पोचवायला गेले. संध्याकाळी परतताना फाटकात भेटले.

"गेला का पाशा?"

"गेला," ते म्हणाले आणि माझ्या पोटाकडे न बघता आत गेले.

दुसऱ्या पहाटे भिंत गप्प होती. तिसऱ्याही. मला वाटलं, सुटलो. मी सातपर्यंत झोपू लागलो. पण बायकोलाच चैन पडेना. "आजारी तर नाहीत? बघून या हो जरा," असं म्हणत तिनं शेवटी मला बाहेर काढलं.

उन्हं उतरली होती. ढोबळे व्हरांड्याच्या पायरीवर बसले होते. अंगात बनियन, मुठींना पट्ट्या बांधलेल्या, आणि पोतं जागच्या जागी लोंबत होतं.

"काय हो, पहिलवानाशी भांडण झालं?" मी विचारलं.

"नाही जी. होत नाही."

"काय होत नाही?"

"पोतं झुलून राहिलं. मारलं की दूर जाते." ते पट्टीचं टोक आत खोचत राहिले. "पाशा पलीकडून धरे नं. इकडून मी मारो, तिकडून तो 'हुं' म्हणे. अजून मारो, अजून 'हुं' म्हणे. दिवसभर स्टोअरात मले कोणी काही म्हणत नाही. बोल्ट घेते अन् जाते."

मग त्यांनी मान वर केली.

"तुमी धराल का जरा?"

समोरच्या व्हरांड्यात माझ्या सेक्शनचे दोघं जण चहा पीत होते. उद्या ऑफिसात माझं काय होणार, ते मला दिसत होतं. तरी मी चपला काढल्या आणि त्या धुळकट पोत्याला दोन्ही हातांनी मिठी मारून गाढवासारखा उभा राहिलो.

ढोबळ्यांनी ठोसा मारला. आमची ताटं वाजवणारा हा माणूस. पण जवळून ठोसा अगदीच हलका होता, दारावर टकटक करावी एवढा.

"हुं," मी म्हटलं.

दुसरा आला. "हुं."

मग काहीच आलं नाही. पोतं मात्र माझ्या अंगावर हळूहळू जड झालं. पलीकडून त्यांनी त्यावर कपाळ टेकलं असावं. मला दिसत नव्हतं, आणि मी वाकून बघितलंही नाही.

"झालं का ढोबळे?"

"मारत नाही आता," ते पलीकडून म्हणाले. "पण धरून राहा जरा."