तात्या सोनकांबळे आणि त्यांचं सरकार

"तात्या, कसे आहात?" असं विचारलं की तात्या सोनकांबळे म्हणायचे, "मी झकास. सरकारची तब्येत जरा नरम हाय."

तात्या लातूरचे सरकारी वकील. जिल्हा नवा कोरा, कोर्टाच्या भिंतीला टेकलं की पाठीला चुना लागायचा. मी त्यांची ज्युनिअर. भर उन्हाळ्यातही काळा कोट उतरवत नसे. अंगावर घामोळं आलं, पण रुबाब गेला नाही. तेव्हाचा फोटो बघून नात विचारते, "आजी, हा कावळा कोण?"

इतरांचे पक्षकार यायचे, रडायचे, पेरू आणायचे. तात्यांचा पक्षकार कधी दिसायचाच नाही. तरी दावा हरला की ते हळहळत, "लई भोळं हाय गं सरकार. कुणीबी फसवतंय त्याला."

त्या वर्षी दुष्काळ. अहमदपूरकडच्या एका गावाला पाणी मिळावं म्हणून सरकारनं एक विहीर ताब्यात घेतली. मालकानं कोर्टातून मनाई आणली. गावाच्या घागरी कोरड्या पडल्या. मनाई उठवायला वरच्यांना तात्या कमी वाटले. मुंबईहून एक बडे वकील आणले. तारखेगणिक फी, वर मोटार, गेस्टहाऊस आणि कोंबडी. तात्यांनी नुसतं मागं बसायचं.

"येवढ्या पैशात दुसरी विहीर झाली असती की!" तात्या पुटपुटले. मी मात्र त्या मुंबईच्या साहेबांच्या इंग्रजीवर अशी भाळले की त्यांची बॅग उचलून मागं धावत होते. कोंबडी काही मिळाली नाही.

साहेब प्रत्येक तारखेला पुढची तारीख मागायचे. एकदा "अभ्यासाला अवधी हवा" म्हणाले आणि मागून तात्या उठून न्यायाधीशांना म्हणाले,

"साहेब, माझ्या पक्षकाराला तहान लागलीय."

न्यायाधीश म्हणाले, "तुमचा पक्षकार सरकार आहे ना?"

"हाव. भाईर घागरी घेऊन बसलंय. बोलवू का?"

व्हरांड्यात गावच्या बायका बसल्या होत्या. युक्तिवाद तात्यांनीच केला. मनाई उठली.

हुकूम कानावर पडताच बायका घागरी उचलून एसटी स्टँडकडे पळाल्या. मी चिडले. "एकीनं तरी थांबून 'बरं केलं' म्हणायचं!"

"येडी का काय? पाणी सोडून वकिलाचं तोंड कशाला बघतील?" तात्या खुशीत हसले.

मग ते फायलीची नाडी बांधत बसले. बांधायचे, सोडायचे, पुन्हा बांधायचे. खाली बघतच म्हणाले, "तुला घाई न्हाई ना? तुझी काकू गेल्यापासून, जिंकलो म्हणून घरी सांगायला कुणी न्हाई."

माझी शेवटची एसटी सुटायला आली होती. मी समोर बसले.

"तात्या, मी पार मागं होते. नीट ऐकूच आलं नाही. पहिल्यापासून सांगा."