आधी तुम्ही, होशंगखान!

"बेचाळीस किलोमीटर? त्यात काय मोठंसं!" फरामर्झ म्हणाला आणि त्याने कोबीच्या पुलावाचा आणखी एक डाव ताटात ओढला. "गाडी लावायला जागा शोधत मी रोज तेवढा फिरतो!"

आमच्या शिराझमध्ये जेवताना बोललेलं कुणी मनावर घेत नाही. हे शहरच मुळात पळण्यासाठी नाही. इथे दुपारी दुकानं बंद होतात ती ऊन पार कलल्यावर उघडतात, आणि उघडली तरी मालक जागा असेलच असं नाही. फरामर्झचं दुकान तर पडद्याच्या कापडाचं. मखमलीच्या गठ्ठ्यांवर जी झोप लागते ती घरच्या गादीवर लागत नाही, असं तो स्वतःच गिऱ्हाइकांना सांगत असे.

पण त्या शुक्रवारी सासऱ्यांच्या घरी समोर साडू होशंग बसला होता. साडू समोर असला की भल्याभल्यांच्या तोंडाची आणि अकलेची फारकत होते. शहरात पहिल्यांदाच मॅरेथॉन भरणार होती आणि होशंगने "मी पळणार" म्हणून जाहीर करून टाकलं होतं. मग फरामर्झ कसा गप्प बसेल!

"तुम्ही?" होशंगने त्याच्या पोटाकडे पाहून विचारलं. "फरामर्झखान, जीव ओवाळून टाकतो तुमच्यावरून, पण वाटेत उशी ठेवत नाहीत हो!"

"तुम्ही पळणार म्हटल्यावर मला घाई करायचं कारणच नाही," फरामर्झ म्हणाला.

सगळे हसले. हसले नाहीत ते फक्त सासरे, हाजी नेमत. त्यांना दम्याचा त्रास. श्वास जपून वापरावा लागे, म्हणून ते हसण्यावर खर्चत नसत. त्यांनी पंप ओढला, खिशातून एक गंजकी किल्ली काढली आणि जेवणाच्या चादरीवर ठेवली.

"जो आधी पोचेल," ते म्हणाले, "त्याला बाग."

सगळ्यांचे घास हातातच राहिले.

बाग म्हणजे गावाबाहेरची हाजींची जुनी बाग. अक्रोड, डाळिंबं, मधोमध पाण्याचा हौद आणि हौदावर एक लाकडी बाजलं. त्या बाजल्यावर पडून वर पानं आणि खाली पाण्याचा आवाज ऐकत उरलेलं आयुष्य काढायचं, एवढी एकच महत्त्वाकांक्षा फरामर्झला होती. होशंगचं तसं नव्हतं. तो जुन्या बागा घेई, झाडं तोडी, तिथे सहा मजले उभे करी आणि इमारतीला तोडलेल्या झाडाचं नाव देई. शहरात त्याचं एक 'अक्रोड संकुल' होतं, एक 'तुती संकुल' होतं, आणि 'डाळिंब संकुला'साठी त्याचे हात शिवशिवत होते.

म्हणजे आयुष्यभर आडवं पडता यावं म्हणून फरामर्झला एक दिवस उभ्याने पळणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी तो बूट घेऊन आला. झेंडूच्या रंगाचे! सोबत घट्ट विजार, कपाळाची पट्टी आणि नाडी मोजणारं घड्याळ. एवढा जामानिमा चढवून तो आरशासमोर वळून वळून बघू लागला.

"कसा दिसतो?" त्याने बायकोला विचारलं.

मेहरंगीजने चहाचा पेला खाली ठेवून त्याला नीट न्याहाळलं. "अहो, बूट छान आहेत," ती म्हणाली.

सकाळी स्वारी गल्लीत उतरली. आता आमच्या गल्लीत शहाणासुरता, दुकानदार, पोट असलेला माणूस पळताना दिसला तर त्याचा अर्थ एकच. तंदूरवरचा रोटीवाला पीठभरल्या हातांनी बाहेर आला.

"फरामर्झखान! काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही! सराव करतोय!"

"असं मन घट्ट करू नये हो. बसा, चहा घ्या."

आणि इथेच सगळं घोडं अडलं. आग्रह मोडून पुढे पळत जाणं म्हणजे त्या माणसाच्या सात पिढ्यांना लाथ मारण्यासारखं. फरामर्झ बसला. चहा घेतला. रोटीवाल्याची, त्याच्या मुलांची, त्याच्या म्हाताऱ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग उठून पळाला तो थेट मसालेवाल्याच्या दारापर्यंत, आणि तिथे पुन्हा, "या, बसा, तुमचे पाय आमच्या डोळ्यांवर!" शेवटी घड्याळाने अंतर दाखवलं ते गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचं, आणि नाडी दाखवली ती सगळी चहाची.

हे एवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण तो "कुणी नाही" म्हणाला होता, आणि आमच्याकडे मोठं दुःख लपवणाराच असं म्हणतो. रोटीवाल्याने मसालेवाल्याला विचारलं, मसालेवाल्याने न्हाव्याला, आणि तिघांनी मिळून अंदाज बांधला. त्या घरात जाण्याजोगं कोण आहे? दम्याचे हाजी नेमत!

दुपारपर्यंत निम्मी गल्ली काळे कपडे घालून, दुखवट्याला वाटतात त्या केशरी शिऱ्याची ताटं घेऊन हाजींच्या दारात उभी. रोटीवाला तर दुरूनच हुंदके देत आला. त्याने कडी वाजवली. दार उघडलं ते खुद्द मयताने!

"काय आहे?" मयताने विचारलं.

रोटीवाल्याने ताट पुढे केलं. "हाजी... तुमच्या... तुमच्यासाठीच आणलंय."

हाजींनी चिमूटभर शिरा तोंडात टाकला. "साखर कमी आहे," म्हणाले, आणि ताट आत घेऊन दार लावलं.

संध्याकाळी मेहरंगीजने नवऱ्याला पुढ्यात उभं केलं. "पुन्हा गल्लीत पळालात तर लोक माझंही आटोपून टाकतील! जायचं असेल तर गावाबाहेर जा."

म्हणून फरामर्झ पहाटे गावाबाहेर जाऊ लागला. गाडीने. गावाबाहेरच्या रस्त्यावर डोकं-पायाचा रस्सा विकणारं एक हॉटेल आहे. पहाटे मोठ्या पातेल्यात मेंढीची मुंडी आणि खूर रटरटत असतात आणि तो वास माणसाला कॉलर धरून आत ओढतो. पळण्याआधी अंगात ताकद हवी, असं म्हणून फरामर्झ आत शिरला, आणि एका वाडग्यानंतर पळण्याचा विषय त्याच्या मनातून सभ्यपणे निघून गेला. असं रोज झालं. एके दिवशी तो जिभेचा तुकडा रोटीत गुंडाळत होता, तेवढ्यात कोपऱ्यातून एक ओळखीचा ढेकर ऐकू आला.

कोपऱ्यात होशंग होता. त्याचे बूट हिरवे होते.

"वा! फरामर्झखान!" होशंग घाईघाईने ओठ पुसत म्हणाला. "मी आत्ताच वीस किलोमीटर संपवून बसलो."

"काय योगायोग!" फरामर्झ म्हणाला. "माझे पंचवीस झाले."

दोघांच्याही कपाळावर घामाचा थेंब नव्हता. दोघांनीही एकमेकांना चांगलं ओळखलं आणि दोघांनीही पुन्हा रस्सा मागवला. मग शुक्रवारच्या जेवणांना या दोन वीरांनी असे काही आकडे सांगितले, की ते खरे असते तर एव्हाना दोघे तेहरानला पोचून परत आले असते. हाजी ऐकत आणि पंप ओढत.

आणि शर्यतीचा दिवस उजाडला!

मर्वदश्तच्या बाजूने सुरू होऊन शर्यत शहराच्या वेशीवरच्या कुराण दरवाज्यापाशी संपायची होती. बंदुकीचा बार झाला तसे खरे पळणारे दिसेनासे झाले. मागे रस्त्यावर उरले ते दोन वीर, एक झेंडूच्या बुटांतला आणि एक हिरव्या बुटांतला. सुरुवातीला फरामर्झ ऐटीत पळाला. मग चालला. मग त्याने पायांची मनधरणी केली. काकड्यांच्या शेतापाशी एका शेतकऱ्याने "या, बसा" म्हटलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण जन्मात पहिल्यांदाच त्याने आग्रह मोडला. होशंग पुढे लंगडत होता ना! त्याच्या पाठीकडे बघताना फरामर्झला एकेक अक्रोड मुळासकट आडवा होताना दिसत होता, हौदात सिमेंट पडताना दिसत होतं, आणि त्या बाजल्याचं सरपण होताना दिसत होतं. रागाने पाय उचलतात हे त्याला त्या दिवशी कळलं. घाट चढला, उतार लागला, आणि उतारावर त्याच्या पोटाने, आयुष्यात प्रथमच, त्याला पुढे ओढायला मदत केली.

दरवाजा दिसू लागला. कमानीच्या अलीकडे शर्यतीचा पट्टा होता आणि पलीकडे अख्खं सासर! दृष्ट काढायला धूपदाणीत इस्पंदाचे दाणे तडतडत होते. हाजी खुर्चीवर, हातात किल्ली. बक्षीसवाटप उरकून लोक घरी जात होते, मंडप उतरवणारी माणसं दोर सोडत होती.

पट्ट्यापासून दोन पावलांवर होशंगच्या पोटरीत गोळा आला. तो जागच्या जागी थांबला. तेवढ्यात त्याच्या शेजारी फरामर्झ येऊन ठेपला.

एक पाऊल! फक्त एक पाऊल टाकायचं होतं. पण शेजारी माणूस, समोर दार, आणि बघायला सासरा! होशंगचा हात आपोआप छातीवर गेला, मान आपोआप झुकली, आणि जन्माची सवय त्याच्या तोंडून बोलली.

"आधी तुम्ही, फरामर्झखान!"

बोलला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. पण फरामर्झ काय कमी सभ्य होता?

"छे छे! तुमच्याआधी? माझी काय बिशाद!"

"तुम्ही उजवीकडे आहात. मान तुमचा."

"तुम्ही वडीलधारे. मेलो तरी तुमच्यापुढे जाणार नाही!"

"मला लाजवू नका हो!"

"लाज मला वाटेल, होशंगखान!"

दोघेही मनातून एकमेकांच्या नावाने बोटं मोडत होते, पण माघार कोण घेणार? बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. "काय संस्कार आहेत!" कुणीतरी म्हणालं. तेवढ्यात एक पांढऱ्या दाढीचे आजोबा दोघांच्या मधून "क्षमा असावी" म्हणत पळत गेले आणि शर्यत पूर्ण करून घरीही निघाले. मंडपवाल्याने मंडपाचा एक खांब काढला.

"अहो, शिरा ना आत!" मेहरंगीज ओरडली. "उन्हात माझं डोकं फुटायची वेळ आली!"

शेवटी होशंगने रीतीप्रमाणे फरामर्झच्या पाठीवर हात ठेवला. फरामर्झने त्याच्या पाठीवर ठेवला. दोघे एकमेकांना प्रेमाने पुढे रेटू लागले, आणि नेमका त्याच क्षणी होशंगच्या पोटरीतला गोळा वर चढला. तो कळवळला आणि तोल सावरायला त्याने फरामर्झला असा काही जोर दिला, की फरामर्झ तोंडावर आपटत पट्ट्यापलीकडे गेला.

जिंकला! अक्रोड वाचले, डाळिंबं वाचली, बाजलं वाचलं! फरामर्झ रस्त्यावर पालथा पडून गदगदून रडला, आणि हे रडणं मात्र खरं होतं.

हाजी खुर्चीतून उठले. त्यांनी किल्ली पुढे केली.

"घे, बाळा. बाग तुझी."

फरामर्झ गुडघ्यांवर बसला. किल्ली नाकासमोर होती. पण दिलेलं लगेच हिसकावून घेतो तो अडाणी. आधी नाही म्हणायचं, देणाऱ्याने पुन्हा म्हणायचं, पुन्हा नाही, पुन्हा आग्रह, आणि मग अगदी नाइलाज झाल्यासारखं घ्यायचं. फरामर्झने डोळे मिटून छातीवर हात ठेवला.

"छे छे, आगाजान! माझी काय लायकी? बाग तुम्हालाच लखलाभ असो!"

तो आग्रहाची वाट बघत थांबला. हाजी धापा टाकत होते. त्यांनी पंप ओढला.

"बरं," ते म्हणाले, आणि होशंगकडे वळले. "तू घेतोस?"

होशंगच्या तोंडाला पाणी सुटलं, पण सगळं सासर बघत होतं. "मी? मी तर हरलो, आगाजान! देवाशपथ, मला नको."

"बरं," हाजी म्हणाले. "या वयात तीन-तीनदा विचारायला मला श्वास पुरत नाही." आणि किल्ली परत खिशाकडे निघाली.

"मला द्या," मेहरंगीज म्हणाली. एकदाच. हात पुढे केला, किल्ली घेतली, पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन लावली.

दोन्ही जावई आ वासून बघत राहिले.

गाडीपाशी फरामर्झ लंगडत बायकोच्या मागे आला. झालं ते बरंच झालं, त्याच्या मनात आलं, बाग घरातच राहिली! मेहरंगीजने गाडीचं दार उघडलं. नवऱ्याची ती दशा पाहून तिला कुठेतरी दया आली असावी.

"मी शुक्रवारी बागेत जाणार आहे," ती म्हणाली. "तुम्ही पण या. हौदावर बाजलं टाकून देते."

फरामर्झचा हात छातीवर गेला.

"छे, उगाच कशाला तुम्हाला त्रास!" त्याचं तोंड म्हणालं.

"बरं," मेहरंगीज म्हणाली.