बेडकांची सकाळ

म्बरारा शहरातल्या विद्यापीठात केमिगिशा बेडकांच्या डोळ्यांचा अभ्यास करत असे. डोळ्याच्या पडद्यावर रोज थोडा कचरा साचतो आणि मागच्या पेशी तो गिळून टाकतात. ही झाडलोट वेळ झाली की आपोआप होते, की उजेड पडल्यावरच, हे तिला शोधायचं होतं. म्हणून उजाडून गेलं तरी बेडूक काळोखात ठेवायचे आणि मग मोजूनमापून दिवा लावायचा, असा बेत होता.

पण दर वेळी ‘केमिगिशा आहे का?’ म्हणत कुणीतरी दार उघडायचं आणि सगळी मेहनत पाण्यात जायची. शेवटी एके सकाळी तिनं फोन बाहेरच्या टेबलावर टाकला, भिजतील म्हणून बूट बाहेर काढले आणि बेडकांच्या टाक्या असलेल्या अंधाऱ्या खोलीत जाऊन आतून कडी लावून घेतली. बेडकांना न जाणवणाऱ्या मंद लाल दिव्यात काही बेडकांची तपासणी उरकली. मग दिवा मालवून ती उरलेल्यांची राखण करत बसली.

खोली उबदार होती. मधूनच एखादा बेडूक श्वासाला वर येई आणि पाणी हलकंसं बुळुक करी. तिचा डोळा लागला. स्वप्नात तळ्याच्या तळाशी झाडू घेतलेल्या बायका ओळीनं बसल्या होत्या. उठत कुणीच नव्हतं. “उजाडू दे की,” म्हणत होत्या.

बाहेर तिचा फोन वाजत राहिला. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या नुवागाबानं तो उचलला. पलीकडे तिची आई होती. खोटं बोलणं त्याला जमत नसे.

“काकू, फोन इथंय, बूटही इथंच आहेत. ती तेवढी दिसत नाही.”

एवढं पुरे होतं. आई चर्चमधल्या दोन मैत्रिणींना घेऊन बोडाबोडावरून, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवरून, आली. सगळ्यांनी दार ठोठावलं, आतून हूं की चूं नाही. विभागप्रमुखांनी किल्ली आणली, पण कडी आतून होती. अखेर नुवागाबानं खांदा लावला आणि कडी उडाली.

उजेड आत घुसला. स्वप्नातल्या बायका उठल्या आणि झाडू लागल्या. केमिगिशानं डोळे किलकिले केले.

“आई, जरा थांब. त्यांनी आत्ता कुठं हात लावलाय कामाला.”

आई आधी रडली, मग मनसोक्त रागावली. भानावर आलेल्या केमिगिशालाही रडू फुटलं. पण उजेड पडलाच आहे तर बघून तरी घे, असं विभागप्रमुख म्हणाले, म्हणून तिनं उरलेले बेडूक नाखुशीनंच तपासले. आधी काळोखात तपासलेल्या बेडकांचा कचरा जिथल्या तिथं होता. दार फुटल्यानंतरच्या बेडकांच्या पेशी मात्र पोटभर जेवून बसल्या होत्या. त्या उजेडाचीच वाट पाहत होत्या तर.

पुढं शोधनिबंध लिहिताना विभागप्रमुख म्हणाले, उजेड कसा दिला ते स्पष्ट लिहायला हवं. केमिगिशानं बराच विचार करून लिहिलं, ‘दार उघडून.’

नुवागाबा खांदा चोळत वाकून वाचत होता.

“उघडून नाही,” तो हळूच म्हणाला. “फोडून.”